लहान यंत्रकारास संशोधनासाठी सरकारी साहाय्य

लोखंडी नांगर आज कोणासही नवलाचा वाटत नाही. परंतु लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली बेळगाव येथे तो तयार केला, तेव्हा लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर विकण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. नांगर चांगलाच होता. तो चांगला आहे हे लोकांना पटेपर्यंत कारखाना चालू ठेवण्याइतका पैसा कोठून आणावयाचा, ही खरी अडचण होती. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या मुलखातील माळरानावर जागा दिली, भांडवलासही हातभार लावला, आणि १९१० साली किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. एका राजाची गुणग्राहकता हा त्या हकिगतीतील योगायोगाचा भाग होय. ज्या कारागिरांना असा राजा भेटला नाही, त्यांची अवजारे कोणत्या पडवीत गंजून गेली याची नोंद कोठेही सापडणार नाही.

असे कारागीर आजही पुष्कळ आहेत. तालुक्याच्या गावी रस्त्याच्या कडेला जी वेल्डिंगची व लेथची दुकाने दिसतात, त्यांपैकी एखाद्या दुकानात पेरणीयंत्राचा फण वाकविता वाकविता कोणाला तरी नवी युक्ती सुचलेली असते. शेतकरीही घरच्या घरी खटपट करीत असतो. पहिला नमुना भंगारातील सामानातून बनतो. तो एक दिवस चालतो आणि दुसऱ्या दिवशी मोडतो. दुसरा नमुना करण्यास मोटर, बेअरिंग व चांगल्या प्रतीचे पोलाद लागते, त्याला पैसा लागतो, आणि येथून पुढे घरातील दागिन्यांकडे नजर वळू लागते. बँक कर्ज देते, परंतु विकल्या जाणाऱ्या मालावर. न सिद्ध झालेल्या कल्पनेवर ती कर्ज देत नाही आणि त्याबद्दल तिला दोष देता येणार नाही. ठेवीदारांचा पैसा तिने प्रयोगात घालू नये हेच योग्य आहे.

नेमकी ही फट भरून काढण्यासाठी सरकारने संशोधन-साहाय्याच्या काही योजना आखल्या आहेत. त्यांची माहिती शहरातील तरुण उद्योजकांना असते. गावच्या यंत्रकारास ती क्वचितच असते. गावपातळीवरील कृषी कार्यकर्ता हा या दोहोंमधील दुवा होऊ शकतो. यास्तव त्याने हा विषय नीट समजावून घ्यावा.

अनुदान आणि संशोधन-साहाय्य

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ट्रॅक्टर, ठिबक संच किंवा मळणीयंत्र घेताना जे अनुदान मिळते ते तयार व परीक्षित वस्तूच्या खरेदीवर मिळते. संशोधन-साहाय्याचे स्वरूप याच्या उलट आहे. वस्तू अद्याप तयार झालेली नाही आणि होईल की नाही याची खात्रीही नाही, अशा वेळी ते दिले जाते. सरकार येथे धोक्याचा वाटेकरी होते. पैसा नियमानुसार खर्च झाला असेल, हिशेब चोख असेल आणि प्रयोग प्रामाणिकपणे केला असेल, तर निष्कर्ष प्रतिकूल आला एवढ्यावरून ती रक्कम सर्वसाधारणपणे परत मागितली जात नाही. काही योजनांत मात्र यश आल्यावर विक्रीतून ठरावीक अंश द्यावा लागतो, तर काहींत साहाय्याचा भाग सवलतीच्या कर्जाच्या रूपाने असतो. सही करण्यापूर्वी करारनामा वाचून घ्यावा, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये, परंतु पडते.

अयशस्वी प्रयोगास सरकारने पैसा का द्यावा, असे पुष्कळ शेतकरी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बियाण्यांच्या संशोधनात सापडते. कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर शेकडो वाण तपासले जातात, त्यांतील एखादाच शेतकऱ्यापर्यंत येतो, आणि बाकीच्यांवरील खर्च वाया गेला असे कोणी म्हणत नाही. अवजारांच्या बाबतीत हाच न्याय लागू करण्यास सरकारला फार उशीर लागला, एवढेच.

या पद्धतीचा उगम

साहाय्य टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानातील अधिकारी रोलंड टिबेट्स यांच्या प्रयत्नाने १९७७ साली लहान उद्योगांसाठी तसा एक कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच धर्तीवर जुलै १९८२ मध्ये कायदा करण्यात आला. बाहेरील संस्थांकडून संशोधन करवून घेण्यावर वर्षाकाठी दहा कोटी डॉलरांहून अधिक खर्च करणाऱ्या प्रत्येक केंद्रीय खात्याने त्या रकमेचा काही हिस्सा लहान उद्योगांसाठी राखून ठेवावा, असे त्या कायद्याने ठरविले. २०१७ पर्यंत हा हिस्सा ३.२ टक्क्यांवर गेला. शेतकी खातेही त्यात होते. पहिल्या टप्प्यात थोडी रक्कम द्यावयाची व कल्पना व्यवहार्य आहे काय एवढेच पाहावयाचे. ती व्यवहार्य ठरल्यास दुसऱ्या टप्प्यात मोठी रक्कम द्यावयाची. तिसऱ्या टप्प्यात माल बाजारात न्यावयाचा, परंतु त्यासाठी या राखीव निधीतून काही मिळावयाचे नाही. या कायद्याची मुदत वेळोवेळी वाढवून घ्यावी लागे. ३० सप्टेंबर २०२५ रोजी ती संपली आणि कामात खंड पडला. इतकी जुनी व्यवस्था देखील मुदतीला बांधलेली असते हे यावरून दिसते.

भारतात केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ साली लहान उद्योगांच्या संशोधनासाठी अशीच योजना सुरू केली. तिचे नावही अमेरिकेतील योजनेच्या नावावरून घेतलेले होते. परंतु गावच्या यंत्रकाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम त्यापूर्वीच वेगळ्या मार्गाने सुरू झाले होते. प्रा. अनिल गुप्ता व त्यांचे सहकारी १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून खेड्यापाड्यांतील शोधकांच्या कल्पना गोळा करीत होते. त्या कामातून २००० साली गुजरातेत राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान स्थापन झाले. आज ते विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीतील स्वायत्त संस्था आहे. औपचारिक शिक्षण नसलेल्या शोधकाची कल्पना नोंदविणे, ती पूर्वी कोणी केली आहे काय हे पाहणे, तज्ज्ञांकडून तपासून घेणे, सुधारित नमुना करविणे आणि एकस्व म्हणजे पेटंट मिळविण्यास मदत करणे ही तिची कामे होत. २००३ साली लघुउद्योग विकास बँकेच्या सहकार्याने या संस्थेने एक सूक्ष्म साहस-निधी उभारला. त्यातून कोणतेही तारण न घेता, केवळ शोधकाच्या एका सहीवर पैसा देण्याची प्रथा पाडण्यात आली. सरकारी कामकाजाची सवय असलेल्या माणसास ही गोष्ट वाचताना दोनदा वाचावी लागते.

सौराष्ट्रातील अमरेली जिल्ह्याचे शेतकरी मनसुखभाई जगानी यांची ‘बुलेट सांती’ हे या चळवळीतून पुढे आलेले एक ठळक उदाहरण होय. अवर्षणात बैलजोडी सांभाळणे परवडेना आणि मजूर मिळेनात, म्हणून त्यांनी १९९४ च्या सुमारास मोटारसायकलीचे मागील चाक काढून तेथे दोन चाकांचा सांगाडा व अवजारे बसविण्याचा दांडा जोडला. नांगरट, पेरणी व कोळपणी ही कामे त्यावर होऊ लागली. त्यांच्या युक्तीस भारताप्रमाणेच अमेरिकेतही पेटंट मिळाले.

कोणकोणती दारे उघडी आहेत

केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची ‘प्रिझम’ ही योजना एकट्या व्यक्तीसही खुली आहे. १९९८ साली सुरू झालेल्या एका जुन्या योजनेचे हे नवे रूप असून तिच्या नियमांत पायऱ्या ठरवून दिलेल्या आहेत. कल्पनेचा पहिला नमुना करण्यास २ लाख रुपयांपर्यंत, चालते यंत्र तयार करण्यास २० लाखांपर्यंत आणि त्यापुढील विकासासाठी ५० लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकते. खर्चाचा काही वाटा अर्जदाराने स्वतः घालावयाचा असतो.

शेतीशी निकट संबंध असलेली दुसरी योजना राष्ट्रीय कृषी विकास योजनेखाली २०१८-१९ पासून चालविली जाते. तिच्यात देशभरातील कृषी विद्यापीठे व संशोधन संस्था यांतून कृषी-व्यवसाय संवर्धन केंद्रे नेमण्यात आली आहेत. मुंबईच्या माटुंगा भागातील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था ही त्यांपैकी एक आहे. १९२४ साली कापसाची प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली हीच ती संस्था. कल्पनेच्या पायरीवर ५ लाखांपर्यंत आणि उद्योग सुरू करण्याच्या पायरीवर २५ लाखांपर्यंत साहाय्याची मर्यादा ठेवलेली आहे. पैशाइतकाच महत्त्वाचा म्हणजे त्याबरोबर मिळणारा प्रशिक्षणाचा काळ, कारण हिशेब, कर व बाजार यांची ओळख कारखान्याच्या लेथवर होत नसते.

जैविक खते, जैविक कीडनाशके, जनावरांच्या रोगनिदानाची साधने अशा विषयांत काम करणाऱ्यांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाच्या ‘बायरॅक’ या कंपनीचे साहाय्य आहे. ही कंपनी २०१२ साली स्थापन झाली. तिच्या प्रारंभिक योजनेतून अठरा महिन्यांच्या कामासाठी ५० लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, अर्ज मागविण्याचा तिचा प्रघात आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील उद्योजकता केंद्रामार्फत महाराष्ट्रातील अर्जदारांना तिचे मार्गदर्शन मिळत आले आहे. साध्या लोखंडी अवजारासाठी मात्र हे दार ठोठावण्यात अर्थ नाही.

वर दिलेल्या रकमा या कमाल मर्यादा आहेत. प्रत्येकास तेवढेच मिळते असे नव्हे, आणि मर्यादा व तारखा सूचनेगणिक बदलतात. अर्ज करण्याच्या दिवशी त्या खात्याची चालू सूचना पाहावी.

एक उदाहरण: कांद्याच्या रोपांची लागण

समजा, एखाद्या गावच्या यंत्रकाराने कांद्याची रोपे लावण्याचे लहान यंत्र करावयाचे मनात घेतले. विषय महत्त्वाचा आहे. पंधरा सेंटिमीटर अंतराच्या ओळीत दहा-दहा सेंटिमीटरवर रोप लावावयाचे म्हटले, तर हेक्टरी सुमारे ६ लाख ६६ हजार रोपे लागतात. म्हणजे एकरी जवळजवळ पावणेतीन लाख. ही सारी रोपे बायका वाकून, बोटाने माती दाबून लावतात. ऐन हंगामात मजूर मिळत नाहीत आणि तोवर रोपे गादीवाफ्यावर जून होत जातात. यंत्राची गरज कोणास पटवून द्यावयास नको.

परंतु ‘यंत्रामुळे मजुरी वाचेल’ हे वाक्य संशोधन-प्रस्ताव होऊ शकत नाही. परीक्षकास तेथे प्रश्न हवा असतो. यंत्राने दर सेकंदास एक रोप लावले, तर एक एकर लावण्यास पंचाहत्तर तास लागतील. मग चार ओळी एकदम लावल्याखेरीज उपयोग नाही. चार ओळींत मिळून शंभरांतील दहा रोपे चुकली, तर एकरी सत्तावीस हजार जागा रिकाम्या राहतील आणि त्या भरण्यासाठी पुन्हा मजूरच लावावे लागतील. तेव्हा प्रश्न असा मांडला पाहिजे: पंचेचाळीस ते पन्नास दिवसांचे, मुळ्यांची माती झटकलेले रोप पकडून ते सरळ उभे लावणारी चिमट्यांची साखळी तयार करता येईल काय, आणि शंभरांत पाचांहून कमी रोपे चुकतील इतकी ती अचूक करता येईल काय? असा प्रश्न वाचल्यावर परीक्षकास कळते की अर्जदाराने खरोखर शेतात उभे राहून विचार केला आहे.

त्यापुढे प्रयोगाची आखणी येते. काळ्या चिकण जमिनीत एक आणि मध्यम जमिनीत एक अशा निदान दोन ठिकाणी यंत्र चालवावे. त्याच दिवशी, त्याच शेतात, त्याच रोपांची शेजारच्या वाफ्यात हाताने लागण करावी. किती रोपे चुकली, किती आडवी पडली, किती मोडली हे मोजावे. पंधरा दिवसांनी जिवंत रोपे पुन्हा मोजावी. काढणीच्या वेळी दोन्ही वाफ्यांचे वजन वेगळे घ्यावे. रोप तिरपे लागल्यास कांदा वेडावाकडा पोसतो की नाही, हेही मग आपोआप कळून येईल. या कामी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचे साहाय्य घ्यावे. कांद्याच्या बाबतीत राजगुरुनगर येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची स्वतंत्र संस्थाच आहे.

खर्चाचे अंदाजपत्रक करताना मोटर, गिअर, साखळी, पोलाद, लेथवरील काम, चाचणीची मजुरी, रोपे आणि प्रवास अशी बाबवार फोड करावी. जागा खरेदी, शेड बांधणे किंवा घरचे जुने कर्ज फेडणे यांसाठी हा पैसा नसतो. ‘किरकोळ खर्च’ या नावाखाली मोठी रक्कम दाखविलेला अर्ज परीक्षकाच्या मनात शंका उत्पन्न करतो, आणि ती शंका बहुधा खरी ठरते.

वहीचे महत्त्व

यंत्रकाराच्या हाती कला असते, पण लेखणीचा त्याला कंटाळा असतो. अर्ज नाकारला जाण्याचे मोठे कारण येथेच आहे. चार वर्षे खटपट केलेल्या माणसापाशी त्या खटपटीचा एकही कागद नसतो. कार्यकर्त्याने त्यास प्रथम एक शिवलेली, पृष्ठांक घातलेली वही करावयास सांगावे. केव्हा काय बनविले, काय मोडले, कोणता भाग बदलला, कोणाच्या शेतात किती वेळ चालविले, हे तारखेसह लिहावे. आकृती ओबडधोबड असली तरी चालेल. जे बिघडले ते लपवू नये, कारण परीक्षकाचा विश्वास बसतो तो बिघाडाच्या नोंदीवरच. अर्जाचे नमुने पुष्कळदा इंग्रजीत असतात. तेथे कार्यकर्त्याने किंवा गावच्या शिक्षकाने मदत करावी. परंतु भाषांतर करताना यंत्राचे गुण फुगवून सांगू नयेत. फुगविलेला आकडा पुढे त्या बिचाऱ्या यंत्रकारालाच शेतात सिद्ध करून दाखवावा लागतो.

नोंद व हक्क यांच्या अभावी काय होते, याचे उदाहरण विदर्भात घरोघर ठाऊक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे यांच्यापाशी अवघी दीड एकर जमीन होती. १९८३ साली आपल्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी जपून ठेवल्या आणि वर्षामागून वर्षे निवड करीत एक बारीक, चवदार जात सिद्ध केली. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नावावरून तिला ‘एचएमटी’ म्हणू लागले. पाहता पाहता ती अनेक राज्यांत पसरली. व्यापारी व गिरणीवाले यांनी तिच्यावर पैसा मिळविला. त्या वेळी वाणांवरील हक्काचा कायदाच देशात नव्हता. तो २००१ साली झाला. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांचा गौरव केला, तोवर लोंब्या वेचल्याला बावीस वर्षे लोटली होती. ३ जून २०१८ रोजी दादाजी वारले. अखेरपर्यंत त्यांना पैशाची ओढगस्त सोसावी लागली.

अवजारांच्या बाबतीत कायदा १९७० चा आहे. शेती करण्याच्या पद्धतीस त्यात पेटंट मिळत नाही, पण यंत्रास मिळते, आणि त्याची मुदत वीस वर्षे असते. येथे एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. यंत्र प्रदर्शनात मांडण्यापूर्वी, वर्तमानपत्रात छापण्यापूर्वी किंवा मोबाइलवर त्याची चित्रफीत सर्वत्र पाठविण्यापूर्वी पेटंटचा अर्ज दाखल करावा. एकदा ते जगजाहीर झाले की त्याचे नावीन्य कायद्याच्या दृष्टीने संपते. यंत्र अपुरे असल्यास तात्पुरत्या वर्णनासह अर्ज करता येतो आणि पूर्ण वर्णन बारा महिन्यांच्या आत द्यावयाचे असते. एकट्या व्यक्तीस व लहान उद्योगास शुल्कात मोठी सवलत आहे. कौतुकापोटी गावातील नव्या यंत्राची चित्रफीत काढून पाठविण्याचा उत्साह कार्यकर्त्यांनीही या कारणास्तव आवरावा.

पैसा हाती आल्यानंतर

मंजुरी मिळाली म्हणजे सर्व रक्कम एकदम हाती येत नाही. ती हप्त्यांनी मिळते. पहिल्या हप्त्याचे काम व हिशेब पाहिल्यावाचून दुसरा सुटत नाही. यासाठी बँकेत वेगळे खाते ठेवावे. सरकारी सहायक अनुदान न खर्चता खात्यात राहिले आणि त्यावर व्याज मिळाले, तर ते व्याजही सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे सरकारजमा करावयाचे असते. अनुदानातून घेतलेले लेथ किंवा मोटर परवानगीवाचून विकता येत नाही. प्रत्येक बिल जपावे. भंगार बाजारातून बिलावाचून घेतलेला स्वस्त गिअर हिशेबात फार महाग पडतो.

मंजुरीची हमी देऊन आगाऊ पैसे मागणारे मध्यस्थ अलीकडे फिरू लागले आहेत. अशी हमी कोणासही देता येत नाही. निवड परीक्षकांची समिती करते. त्यांच्या हाती यंत्राची चित्रे देणे तर अधिकच धोक्याचे आहे.

यंत्र तयार झाल्यावर त्याची परीक्षा हे पुढचे काम होय. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची यंत्रपरीक्षण संस्था आहे आणि काही कृषी विद्यापीठांतही ही सोय आहे. परीक्षणाचा दाखला नसेल तर शेतकऱ्यास कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेतून त्या यंत्राच्या खरेदीवर अनुदान मिळत नाही आणि अनुदान नसलेले महाग यंत्र सहसा खपत नाही. म्हणून परीक्षणाचे शुल्क व वाहतुकीचा खर्च प्रारंभीच्या अंदाजपत्रकातच धरावा. ही एक बाब विसरल्यामुळे चांगले यंत्र परीक्षणाच्या उंबरठ्यावर अडकून पडते. दुकानाची ‘उद्यम’ नोंदणी नसेल तर तीही या काळात करून घ्यावी.

शेवटी हंगामाचा प्रश्न उरतो. कचेरीचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, शेताचे वर्ष पावसाने ठरते, आणि दोहोंचा मेळ घालणे अर्जदाराच्याच हाती असते. रब्बी कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारीत होते. उन्हाळ्यात अर्ज पाठविला आणि छाननी, मुलाखत, करार व पहिला हप्ता यांत आठ महिने गेले, तर यंत्र तयार होईपर्यंत शेतातील लागण संपलेली असेल आणि चाचणीसाठी पुढील खरीप कांद्याची, म्हणजे श्रावणाच्या सुमाराची, वाट पाहावी लागेल. तेव्हा प्रस्तावात कामाचे वेळापत्रक देताना महिन्यांची नावे न घालता ‘हप्ता मिळाल्यानंतर येणारा पहिला लागणीचा हंगाम’ असे लिहावे व मधल्या काळात रिकाम्या वाफ्यात, गादीवाफ्यावरील उरलेली रोपे घेऊन, चिमट्यांची चाचणी चालू ठेवावी. त्या चाचणीच्या नोंदीही वहीत तारखेनिशी उतरवून काढाव्या. दुसऱ्या हप्त्याच्या वेळी परीक्षक प्रथम त्याच मागतात.